भिंतीच्या दोन्ही बाजूंचे माड

आमच्या थोरल्या जाऊबाईने त्या वर्षी मला गावच्या घरी खळ्यातच, म्हणजे पुढच्या अंगणातच, अडवलं. भांडण वगैरे काही नव्हतं हो. आमचं दोघींचं अगदी मेतकूट आहे, आणि ती माझ्यापेक्षा मोठी असल्यामुळे तिने दटावायचं आणि मी ऐकायचं हेही लग्न झाल्यापासून ठरलेलंच आहे. पण मी रिक्षातून उतरले, हातात कुंडी, खांद्याला पिशवी, आणि ही बाई केरसुणी आडवी धरून उभी.

"थांब गो, थंयच थांब! ता झाड खंयसून हाडलंस?"

"मुलुंडहून, बाय. नर्सरीतून घेतलं. तुझ्या खळ्यात शोभेल म्हणून."

तुम्हाला सांगते, आम्हा मुंबईकर बायकांची ही एक खोडच आहे. गावाहून येताना आम्ही कोकम आणतो, कुळथाचं पीठ आणतो, नारळ तर गोणीने आणतो. मग जाताना रिकाम्या हाताने कसं जायचं? पूर्वी बिस्किटं आणि चादरी न्यायचो. हल्ली नर्सरीतली झाडं न्यायची टूम निघाली आहे. कुणाच्या खळ्यात मुंबईची जास्वंद, कुणाच्या ओटीवर मुंबईचा पाम. ज्या मातीत काठी रोवली तरी पालवी फुटते, तिथे आम्ही प्लास्टिकच्या कुंडीतलं झाड मांडीवर घेऊन, रात्रभर बसचे धक्के खात जातो. मीही तशीच गेले होते, जत्रेला. मोठ्या हौसेने घेतलेला शोभेचा पाम, हिरवागार, झुपकेदार.

"पानां उलटून बघलंस?" जाऊबाईने विचारलं.

पानं कोण उलटून बघतं? साडी घेताना आपण उलटी बाजू बघतो, झाड घेताना नाही बघत. तिने केरसुणी टाकली, माझ्या हातातली कुंडी घेतली आणि एक पान उलटं केलं. खालच्या बाजूला पांढऱ्या गोल गोल रेघा होत्या, पिठाने कुणी बारीक चकल्या पाडाव्यात तशा. त्यावर कापसासारखं काहीतरी, आणि पान हलवलं तशा इवल्या पांढऱ्या माश्या उडाल्या.

"ही बघ तुझी शोभा," ती म्हणाली. "ह्या घराक येवचा नाय. तू ये, चाय घे. झाड नको."

कुंडी तिने एका मोठ्या पिशवीत बांधली आणि दुपारी पानं कापून जाळून टाकली. मला जरा लागलंच. रात्रभर मांडीवर घेऊन आलेली मी! पण चहा घेता घेता तिने सगळं सांगितलं, तेव्हा माझा राग कुठल्या कुठे गेला.

ही पांढरी माशी माडाच्या पानांचा रस पिते. पिते आणि चिकट पाणी गाळते. ते चिकट पाणी खालच्या पानांवर पडतं, त्यावर काळी बुरशी धरते, आणि हिरवा माड चुलीच्या धुरात ठेवल्यासारखा काळवंडतो. त्यांच्याकडे ती आली तेव्हा आधी एकाने औषध मारलं. माश्या शेजाऱ्याच्या वाडीत गेल्या. मग शेजाऱ्याने मारलं, तर त्या परत ह्याच्याकडे. ह्या वाडीतून त्या वाडीत नुसत्या पाहुण्यासारख्या फिरत राहिल्या. शेवटी कृषी खात्यातली एक मुलगी स्कूटरवरून गावोगाव हिंडली आणि तिने पंचक्रोशीतल्या लोकांना देवळात बसवलं. तिने सांगितलं, जालीम औषध मारू नका, कारण ह्या माशीला खाणारी एक बारीक गांधीलमाशी असते, तीही त्यात मरते. ती इतकी बारीक की डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. ती माशीच्या पिल्लांत अंडी घालते आणि ती पिल्लं पांढऱ्याची काळी पडतात. काळे ठिपके दिसले की समजायचं, आपला माणूस आला. तोवर पाण्याने पानं धुवायची, काजळीवर पेजेचं पाणी मारायचं, म्हणजे ती वाळून पापुद्र्यासारखी गळते. आणि मुख्य म्हणजे सगळ्यांनी एकदम करायचं. एकट्याने केलं तर काही उपयोग नाही.

"आणि लोकांनी ऐकलं?" मी विचारलं. आमच्या गावचे लोक मला माहीत आहेत ना.

"गुरांच्या आंगार गाठी येयत होते तेव्हा शिकलव," ती म्हणाली. त्या साथीत आजूबाजूच्या गावांनी मिळून गुरं एकमेकांकडे न्यायची बंद केली होती, बाजारसुद्धा बंद ठेवला होता, आणि गोठे वाचले होते. तेच आता माडांसाठी. बाहेरचं झाड आत आणायचं नाही, आतलं बाहेर न्यायचं नाही.

"पण बाय, आम्ही मुंबईचे. आमच्याकडे कुठली माशी?"

"मुंबय मोठी असात तुझी. माशयेक काय तिकीट लागता?"

परत आले ती पहिली मागच्या अंगणात गेले. आमची सोसायटी मुलुंड पूर्वेला, जुनी, चार मजली. मागच्या भिंतीला लागून तीन माड आहेत. इमारत नवी होती तेव्हा सासूबाईंनी गावाहून कोंब आलेले नारळ पाठवले होते, ते मी लावलेले. आता ते तिसऱ्या मजल्याच्या वर गेलेत. त्यांच्याखाली बसून मी मटार सोलते, पेपर वाचते, भांडणं ऐकते. घरातला नारळ मी विकत घेत नाही. एवढं सांगितलं म्हणजे ते माड माझे कोण, ते कळेल.

गेलं वर्षभर ते काळवंडत होते. मी म्हणत होते, धूळ असेल, समोरच्या बांधकामाची. त्या दिवशी पडलेली एक झावळी उलटून बघितली आणि त्याच चकल्या दिसल्या.

तेवढ्यात सेक्रेटरी आले. सेक्रेटरी म्हणजे सज्जन माणूस. बँकेतून निवृत्त, माझ्यापेक्षा लहान, मला काकू म्हणतात. पण त्यांची नवी गाडी माडाखाली उभी असते आणि रोज सकाळी तिच्यावर चिकटा नि काजळी.

"काकू, बरं झालं भेटलात. तुमच्या माडांचं आता काहीतरी करायला लागणार. पेस्ट कंट्रोलवाल्याकडून दोनदा फवारून घेतलं, महिनाभर बरं वाटतं आणि परत तेच. फरशीवर घसरून कोणी पडलं तर काय करायचं? कमिटीचं म्हणणं आहे, महापालिकेची परवानगी काढून पावसाआधी कापून टाकू."

"तिन्ही?"

"तिन्ही."

मी तिन्ही बुंध्यांकडे बघितलं. पण सरळ भांडून उपयोग नव्हता; त्यांची बाजू काही खोटी नव्हती. मी म्हटलं, "पावसाला वेळ आहे ना अजून? तेवढा वेळ मला द्या. आणि तोवर फवारणी नको."

"फवारणी न करता तुम्ही काय करणार?"

"ते गावी विचारून सांगते."

त्यांनी हसून मान हलवली, पण वेळ दिला.

मी जाऊबाईला फोन लावला. म्हटलं, तुझ्या वाडीतली काळे ठिपकेवाली पानं कुरिअरने पाठव, मी आमच्या माडांना बांधते. माझ्या मते अगदी झकास कल्पना होती. ती फोनवरच ओरडली.

"तुका काय सांगलंय मी? हंयसून थंय नाय आणि थंयसून हंय नाय! आधी तुमच्याच भागात शोध. आसतली थंय."

"आमच्या माडांवर नाहीत गं, बघितले मी."

"औषध मारलास मां, मग रवतली कशी? जंय कोणी औषध मारूक नाय थंय बघ."

आता आमच्या आसपास औषध न मारलेला माड कुठे? तर भिंतीच्या पलीकडे. आमच्यामागे एक बैठी चाळ आहे, पत्र्याची, एक मजला वर चढवलेली. चाळीच्या अंगणात दोन माड. आणि आमच्या तिघांपैकी एक माड भिंतीवरून त्यांच्याकडे झुकलेला, त्यामुळे त्याचे नारळ कुणाचे यावर सोसायटीचं नि चाळीचं कायम वाजलेलं असतं. चाळीत माझ्याच वयाची एक बाई आहे, पोळीभाजीचे डबे करते. आमचं बोलणं होतं ते भिंतीवरूनच; मी माझ्या स्टुलावर, ती तिच्या पाण्याच्या टाकीवर.

मी हाक मारली. ती टाकीवर चढली. "काय गं, नारळ मोजायला आलीस?"

"नाही गं बाई. तुमच्या माडाचं एक पान उलटं करून बघशील का?"

"येडी झालीस का?" म्हणाली, पण उतरली, गळलेली झावळी ओढून आणली आणि भिंतीवर आडवी टाकली. मी मोबाइलने फोटो काढला आणि बोटांनी मोठा केला. पांढऱ्या कापसात काळे ठिपके होते. भरपूर. काहींना टाचणीने पाडल्यासारखं भोक, म्हणजे आतून आपला माणूस बाहेर पडलेला. फोटो जाऊबाईला पाठवला. उत्तर म्हणून तिचा बोललेला संदेश आला, तो मी तिथेच मोठ्याने लावला:

"हेच ते! आता त्या बायेक सांग, पानां जाळू नको, सांभाळ!"

"ही कोण माझ्यावर हुकूम सोडते?" शेजारणीने विचारलं.

"माझी जाऊ. सगळ्यांवरच सोडते."

मग मी तिला भिंतीवरूनच सगळं सांगितलं. माड कापणार आहेत हेही सांगितलं. ती म्हणाली, "तुमचे गेले की सगळ्या माश्या आमच्याकडे येणार ना मग?" बाईला बरोबर कळलं. ह्यात आमचं आणि त्यांचं वेगळं असं काही नव्हतं.

कामाला लागलो तेव्हा कळलं की एकमेकांवाचून जमणारच नव्हतं. आमच्या गच्चीवरून माडांच्या झावळ्यांची वरची बाजू दिसते, तिथे काजळी. माश्या खालच्या बाजूला. आणि ती बाजू फक्त चाळीच्या माळ्यावरून दिसते. पाणी मारायचा पंप आमच्याकडे, बोअरिंगचं पाणी आमच्याकडे. उभं राहायला जागा त्यांच्याकडे. म्हणजे आमचा पाइप भिंतीवरून त्यांच्याकडे गेला पाहिजे. सेक्रेटरींनी आधी आढेवेढे घेतले, "चाळीतल्यांना पंप द्यायचा म्हणजे..." मी म्हटलं, "मग तुम्ही जा त्यांच्या माळ्यावर, तुम्ही मारा." ते म्हणाले, "द्या त्यांनाच."

एक रविवार ठरला. पाण्याची सोय होती, पण पेजेचं पाणी? आजकाल भात कुकरमध्ये होतो, पाणी काढतो कोण? मी घरोघर सांगून आले, की रविवारी सकाळी सगळ्यांनी भात उघड्या पातेल्यात करा आणि पेज निवळून द्या. चाळीतही निरोप गेला. सकाळी आमच्या गच्चीवर पातेली येऊ लागली. एका घरातून गाळणीतून गाळलेलं, अगदी सोवळं. एका घरातून शितांसकट. त्याने पंपाचं तोंड चोंदलं आणि सुईने मोकळं करायला लागलं. एकीने हौसेने वर जिरं घातलेलं. आणि चाळीतून मोठं पातेलं आलं ते शेजारणीने स्वतः उचलून आणलं होतं, पहिल्यांदाच आमच्या गेटातून आत, जिना चढत.

पंपात ओतायच्या आधी मी सवयीने बोट बुडवून चाखलं.

"अगं, ह्यात मीठ आहे!"

"असणारच ना! बिनमिठाची पेज कोण करतं? आजारी माणूस आहे का कोणी?"

"माडाला पाजायचीय, माणसाला नाही!"

तिने कपाळावर हात मारून घेतला. मग चौकशी केली तर निम्म्या पातेल्यांत मीठ. कोकणातली घरं सगळी, हात आपोआप मिठाच्या बरणीत गेलेला. माझ्या पातेल्यात तरी नसेल अशी माझी खात्री होती. चाखून बघितलं, तर होतं. सेक्रेटरी म्हणाले, "काकू, तुमचीसुद्धा?" हसून हसून पोट दुखलं. शेवटी मिठाची पेज, जिऱ्याची पेज, सगळी वाट्यांत ओतून जमलेल्या लोकांनी पिऊन टाकली. वर कोणीतरी लोणचं आणलं. आणि माडांसाठी तांदळाच्या पिठाची पातळ खळ उकळून, गार करून, नव्याने तयार केली. दुपारपर्यंत गच्चीवरून खळ आणि माळ्यावरून पाणी. खाली उभे होते त्यांच्या अंगावर काजळीचा पाऊस. शेजारणीची मुलगी पाइप धरून उभी, आणि ही खालून, "डावीकडे! अगं डावीकडे, तुझ्या जेवायच्या हाताची नाही, दुसरी!"

संध्याकाळी शेजारणीने काळ्या ठिपक्यांच्या पानांचे तुकडे जुडी करून भिंतीवरून दिले. आमच्या माडांच्या बुंध्यांना सुतळीने बांधले. इथलंच होतं सगळं, भिंतीपलीकडून भिंतीअलीकडे, म्हणून जाऊबाईचा नियमही मोडला नाही.

मग आली वाट बघायची पाळी. ही सगळ्यात कठीण. होळीच्या सुमाराला ऊन तापलं आणि माश्या पुन्हा वाढल्या. आम्ही परत धुतलं. सेक्रेटरींच्या गाडीवर परत चिकटा. एके सकाळी ते दारात आले.

"काकू, मी उद्या पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावतोय. एकदा फवारून टाकू. लोक मला विचारतायत."

"आणि काळे ठिपके? ते पण मरतील."

"काकू, ते ठिपके तुम्ही बघितलेत, तुमच्या जाऊबाईंनी बघितलेत. मी नाही बघितले."

"मग बघा ना चला."

माणूस खरंच आला. इस्त्रीच्या पँटमध्ये चाळीचा लोखंडी जिना चढला. इतकी वर्षं भिंतीअलीकडून त्या माळ्याकडे बघत होता, पण कधी तिथे गेला नव्हता. शेजारणीने त्यांना स्टूल दिलं, सरबत दिलं आणि बजावलं, "साहेब, तुम्ही तिकडे औषध मारलंत तर ते वाऱ्याने इकडे येणार. मग आमच्या माडांवर जे चांगलं चाललंय त्याची वाट लागली."

त्यांनी मोबाइलने झुकलेल्या माडाची खालची बाजू जवळ ओढून बघितली. मधल्या झावळ्या अजून पांढऱ्याच. पण खालच्या झावळ्यांवर काळे ठिपके, आमच्या माडावर! आधी नव्हते ते. ते बराच वेळ बघत राहिले, एक फोटो काढला, दुसरा काढला. खाली उतरल्यावर म्हणाले, "उद्याचं रद्द करतो. पण पावसाआधीचं ठरलेलं ठरलेलंच आहे हं, काकू. तोवर सुधारलं नाही तर मी काही करू शकणार नाही."

"बरं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मे महिन्याच्या शेवटी माडावर चढणारा आला. दोरखंड, कोयता, खाली त्याचा टेम्पो. महापालिकेची परवानगी आलेली होती, म्हणजे कापायचे म्हटले तर त्याच दिवशी कापता आले असते. मी सकाळपासून अंगणात. आज मटार वगैरे काही नाही, नुसती हात बांधून बसलेले. शेजारीण टाकीवर चढून भिंतीवर कोपर टेकून उभी.

त्याने वर बघत विचारलं, "साहेब, काय करायचंय? माड उतरवायचे का नुसत्या झावळ्या?"

सेक्रेटरी गाडीपाशी गेले. गाडी गेले काही दिवस त्यांनी मुद्दामच न पुसता माडाखाली ठेवली होती, हे मला नंतर कळलं. त्यांनी टपावर बोट फिरवलं, बोट नाकाजवळ नेलं, मग चोळून बघितलं. धूळ होती. चिकट नव्हतं. मग वर बघितलं. शेंड्याच्या नव्या झावळ्या उन्हात स्वच्छ हिरव्या. काळ्या होत्या त्या खालच्या, जुन्या.

"झावळ्या," ते म्हणाले. "जुन्या तेवढ्या."

शेजारणीने तिकडून विचारलं, "काय म्हणाले गं? काय म्हणाले?" तिला ऐकू गेलं नव्हतं. मी नुसता हात हलवला, तर ती म्हणाली, "अगं तोंडाने सांग ना!"

"राहिले गं! तिन्ही राहिले!"

"मग रडतेस कशाला?"

तो वर चढला आणि जुन्या झावळ्या धप्प धप्प खाली येऊ लागल्या. खाली त्याचा जोडीदार त्या टेम्पोत भरायला लागला. सेक्रेटरी एकदम पुढे झाले. "थांबा, थांबा. ह्या कुठे जाणार?"

"भांडुपला एकाला मांडवाला पाहिजेत, साहेब."

"तशा नाही जायच्या," ते म्हणाले. बाह्या दुमडल्या, उकिडवे बसले आणि पहिली झावळी उलटी केली. "पांढऱ्या आहेत त्या इथेच राहतील, नाहीतर माशी भांडुपला जायची. काळे ठिपके आहेत त्या भिंतीपलीकडे द्या, तिथे सांभाळतील. काकू, तुमचा चष्मा आहे ना? इकडे बसा."

शेजारीण टाकीवरून उतरून गेटातून आली, हातात किटली. मग आम्ही तिघं त्या झावळ्यांच्या ढिगात बसलो आणि एकेक पान उलटून बघत राहिलो, चहा गार होईपर्यंत.